स्लीपर घालून फ्रिज उघडतेस ना?

काल फोनवर तू बोलता बोलता सहज म्हणालीस, ‘‘ताई, फ्रिज तेवढा स्लीपर घालून उघडावा लागतो, बाकी घर झकास आहे.’’ आणि लगेच पडद्यांच्या रंगावर गेलीस. मी मात्र त्या स्लीपरपाशीच थांबले गं. रात्री झोप येईना, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस, आणि बसायच्या आधी फ्रिजचा स्विच बंद करून प्लग काढून ठेव. दूध दोन दिवस पातेल्यात राहील, काही बिघडत नाही. तापवत राहा म्हणजे झालं.

खरं सांगू का, मला तुझा राग नाही आला. मला माझंच घर आठवलं. लग्न होऊन मी सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला नियम सांगितले होते. वॉशिंग मशीनला अनवाणी किंवा ओला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरातला दिवा लावताना बटणाच्या वरच्या कोपऱ्यावरच बोट ठेवायचं. मिक्सर चालू असताना नळाला हात लावायचा नाही. गिझर आधी बंद करायचा, मगच बादलीत हात घालायचा. मी हे सगळं कुळाचार असल्यासारखं निमूट पाठ केलं. आठ वर्षं पाळलं. ‘का’ म्हणून एकदाही विचारलं नाही. मग एकदा माझी मुलगी तिच्या मैत्रिणीला हेच नियम समजावून सांगताना ऐकलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घर आठ वर्षं आमच्याकडे तक्रार करत होतं, आणि आम्ही त्या तक्रारीची रीत करून टाकली होती.

तर पहिलं काम हे. एक कागद घे आणि तुझ्या घरातल्या अशा सगळ्या रीती लिहून काढ. कुठलं बटण दोनदा दाबावं लागतं, कुठल्या प्लगखाली घडी केलेला कागद खोचलाय, गिझर लावला की कुठला दिवा मंद होतो, पावसात कुठल्या भिंतीला मुंग्या येतात. हातात हा कागद असला की वायरमनपुढे तू अडाणी ठरत नाहीस, बघ. त्याला जे शोधायला अर्धा दिवस लागेल, ते तू त्याला पाच मिनिटांत देतेस.

आता फ्रिजला करंट का येतो ते सांगते, म्हणजे भीती थोडी कमी होईल. तुझी इमारत १९७८ सालची म्हणालीस. त्या वेळी घरात काय असायचं? दोन ट्यूबलाइट, तीन पंखे, रेडिओ, फार तर इस्त्री. तेवढ्याच भाराला पुरेल अशी वायर लाकडी पट्टीवरून फिरवलेली. बऱ्याच जुन्या घरांत ती अ‍ॅल्युमिनिअमची असते. अ‍ॅल्युमिनिअम तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं, त्यामुळे स्क्रूखालचा जोड हळूहळू सैल होतो आणि सैल जोड आणखी तापतो. त्यातच कुणी तरी नंतर तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असली, तर तो जोड हमखास काळा पडलेला सापडतो. आणि खरी मेख म्हणजे, पुष्कळ जुन्या घरांत अर्थिंगची वायर प्लगपर्यंत आलेलीच नसते. प्लगला भोकं तीन, पण वरचं मोठं भोक नुसतंच शोभेचं!

त्या वरच्या भोकात जाणारी पिन जाड आणि लांब का असते, कधी विचार केलायस? प्लग खोचताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. आधी संरक्षण, मग वीज. फ्रिजच्या आत कुठे वायर सोलली आणि पत्र्याला टेकली, तर तो करंट या पिनेतून जमिनीत निघून जायचा असतो. वाट नसली की तो पत्र्यावर वाट बघत बसतो, तुझ्या हाताची.

आमच्याकडचं सांगते. आमच्या घरी अर्थिंग होतं, बरं का! कुणीतरी हुशारीनं ते नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलं होतं. पूर्वी सर्रास तसं करत. लोखंडी पाइप जमिनीत गेलेला, म्हणजे चालून जायचं. पुढे वाड्यातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून गंजके पाइप बदलले आणि प्लास्टिकचे घातले. पाणी झकास यायला लागलं, आम्ही पेढे वाटले. त्याच दिवशी आमचं अर्थिंग मेलं, आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. तुमच्या सोसायटीत पाइप बदललेत का, हे आजच विचार. त्याहून वाईट म्हणजे काही जण अर्थची भानगड मिटवायला वरची पिन सरळ न्यूट्रललाच जोडून देतात. दिसायला टेस्टर वगैरे सगळं बरोबर येतं, पण न्यूट्रल कुठे तुटला की फ्रिजचा अख्खा पत्रा जिवंत होतो. तुझ्या वायरमनला हे आवर्जून तपासायला लाव.

माझे पराक्रम ऐकायचेत? आमच्याकडे पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. गिझर आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज उडायचा. फ्यूजची तार आणायला दर वेळी कोण जाणार, म्हणून मी जुन्या वायरीतले तांब्याचे चार-पाच धागे पिळून घातले. त्यानंतर फ्यूज कधीच उडाला नाही. मी भिशीत सगळ्यांना ही युक्ती सांगत सुटले! पण फ्यूज उडणं हे त्याचं कामच असतं गं. तो उडेना, म्हणून भिंतीतली वायर तापत राहिली, आणि एके दिवशी बोर्डातून जळकट मासळीसारखा वास यायला लागला. शेजारी कुणी तरी सुकट भाजतंय, असं म्हणून मी खिडकी लावून घेतली. सदाशिव पेठेत, चातुर्मासात! तरी मला शंका आली नाही, बघ.

दुसरा पराक्रम म्हणजे नव्या मिक्सरचा तीन पिनांचा प्लग जुन्या दोन भोकांत बसेना, म्हणून मी वरची पिन पकडीनं मोडून काढली. आणि तिसरा, एका लग्नाच्या घाईत प्लग सापडेना, तेव्हा दोन उघड्या वायरी सरळ भोकांत घालून आगपेटीच्या काड्या खोचून इस्त्री चालवली. पैठणी सुरेख इस्त्री झाली. मी जिवंत राहिले, ही पुण्याई माझी नव्हे, सासूबाईंच्या उपासांची असावी. हे तिन्ही तू करायचे नाहीस. सांगून ठेवते.

आता जरा हिशेब करू. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट वीज येते. वॉटला २३०ने भागलं की अँपिअर मिळतात, एवढंच गणित. लहान प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॉट. मोठा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो, तो १६ अँपिअरचा. आता तुझ्या घरातलं बघ. गिझर २००० वॉट, इंडक्शन शेगडी २०००, इस्त्री १०००, एसी साधारण १५००. सकाळी साडेसातला हे सगळं एकदम चालू असेल तर ६५०० वॉट, म्हणजे २८ अँपिअर. दोन ट्यूबलाइट आणि एका रेडिओसाठी घातलेल्या वायरीतून! धाप लागेल नाही तर काय? म्हणून इंडक्शन कधीही एक्स्टेन्शन बोर्डावर लावायची नाही, आणि मोठ्या प्लगला लहान भोकांत बसवणारी ती पांढरी ठोकळी घरातून हद्दपार करायची. आजच. लाइट बिल काढ, त्यावर ‘मंजूर भार’ असा आकडा असतो. आधीच्या मालकांनी तो वर्षानुवर्षं वाढवलाच नसेल, तर नवी वायरिंग करताना भारवाढीचा अर्जही सोबतच करून टाक.

स्वतः तपासायचं ते डोळे, नाक आणि कान वापरून. बोर्डाची पट्टी पिवळी किंवा तपकिरी पडलीये का, वास येतो का, बटण दाबताना आत चर्रर्र होतं का. इस्त्री झाली की स्विच बंद करून प्लगला बोट लाव. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बाकी बोर्ड उघडायचा नाही, टेस्टर घेऊन संशोधन करायचं नाही. जुन्या घरात स्विच बंद केला म्हणजे होल्डर मेला असंही नसतं, कारण कधी कधी स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो. बल्ब बंद दिसतो, होल्डर जिवंत. म्हणून बल्ब बदलायचा तरी मेन बंद करायचा. आमच्या शेजारच्या काकांनी ‘‘मला काही होत नाही’’ म्हणत स्टुलावरून अशी काही उडी मारली होती, की गल्लीतली पोरं अजून नक्कल करतात.

आता करायचं काय? घाबरू नकोस, कामं मोजकीच आहेत. पैशांची ओढाताण आहे हेही मला ठाऊक आहे, कर्जाचा पहिला हप्ता नुकताच गेलाय. म्हणून क्रम लावून देते.

पहिलं अर्थिंग. सोसायटीच्या मीटरच्या खोलीजवळ अर्थचा खड्डा आहे का, ते बघायचं. जमिनीत पाइप किंवा प्लेट पुरून भोवती मीठ आणि कोळसा घालतात, लोणच्याच्या बरणीसारखं अगदी, आणि ओल टिकावी म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. पुष्कळ सोसायट्यांत त्यावर तुळशीची कुंडी किंवा कुणाची तरी स्कूटर उभी असते. त्या खड्ड्याचं अर्थिंग मीटरनं तपासून घ्या आणि तिथून हिरवी वायर तुझ्या घरातल्या प्रत्येक प्लगपर्यंत आण. हे तुझ्या एकटीचं काम नाही, सोसायटीच्या सभेत मांड. पाण्याच्या टाकीवर दोन तास भांडतात, यावर दहा मिनिटं देतील.

दुसरं, आरसीसीबी. नाव अवघड आहे, काम साधं आहे. तो एक चोख कारकून समज. फेजमधून जेवढी वीज घरात गेली, तेवढीच न्यूट्रलनं परत आली पाहिजे, एवढाच त्याचा जमाखर्च. हिशेबात ३० मिलिअँपिअर कमी पडले, की ते कुणाच्या तरी अंगातून जात असतील असं समजून तो क्षणात सगळं बंद करतो. घेताना त्यावर ३० मिलिअँपिअर हा आकडा वाचून घे. १०० किंवा ३०० चा देतील, तो माणसाला वाचवायला नसतो. आणि हे पक्कं लक्षात ठेव, एमसीबी, म्हणजे आताचा फ्यूज, वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. ‘‘ताई, एमसीबी आहे की!’’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. दोन्ही लागतात. अर्थिंग नसतानाही आरसीसीबी काम करतो, पण तेव्हा तो तुला झटका बसल्यावर पडतो. अर्थिंग असलं की फ्रिजमध्ये बिघाड झाल्याबरोबर पडतो, तू हात लावायच्या आधीच. म्हणून दोघांची जोडी हवी.

जुन्या घरात हा बसवला की पुष्कळदा पहिल्याच दिवशी तो पडतो, हेही आताच सांगून ठेवते. तेव्हा वायरमन म्हणेल, ‘‘जुन्या घराला हे सूट होत नाही, काढून टाकू.’’ काढू द्यायचा नाही! तो पडतोय म्हणजे त्याला काहीतरी सापडलंय. एक तर दोन खोल्यांचे न्यूट्रल आपसात मिसळलेले असतात, नाही तर इन्व्हर्टरचा न्यूट्रल घोळ घालतो, किंवा गिझरचं कॉइल गळत असतं. सगळी यंत्रं काढून एकेक लावत जायचं, म्हणजे चोर सापडतो. आमच्याकडे चोर गिझर निघाला. तोच तो, ज्याच्यासाठी बादलीचा नियम होता.

तिसरं काम वायरिंगचं. सगळं एकदम जमत नसेल तर आधी स्वयंपाकघर, बाथरूम आणि एसीची लाइन कर, बैठकीचे दिवे पुढच्या दिवाळीला. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची, साध्या प्लगांना २.५ ची आणि गिझर-एसीला ४ ची तांब्याची वायर घालायला सांग. आयएसआयचा शिक्का आणि आग पसरू न देणारा एफआर प्रकार बघून घे. गिझरला आणि एसीला मेनपासून स्वतंत्र लाइन, आणि गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर. भिंती फोडायला जीव होत नसेल तर वरून प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून वायर न्यायला काहीच हरकत नाही. दिसायला बेताचं दिसतं, पण धूळ नाही, रंगाचा खर्च नाही, आणि उद्या काही झालं तर झाकण उघडून बघता येतं. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठ्या आकड्याचा बसवायचा नाही. ती माझीच तांब्याच्या धाग्यांची युक्ती झाली, फक्त नव्या डब्यात.

वायरमन परवानाधारक ठेकेदाराकडचा घे. तो बहुतेक पॉइंटप्रमाणे दर सांगेल. दोघा-तिघांकडून विचार, आणि मजुरी वेगळी, सामान वेगळं लिहून घे. सामानाची यादी त्याच्याकडून घेऊन दुकानात तू स्वतः जा. तो ‘‘साहेब कधी येतील?’’ असं विचारेल, विचारणारच. ‘‘साहेब पैसे देतील, हिशेब मी विचारणार,’’ असं हसून सांगायचं. शेवटच्या दिवशी त्याच्यासमोर प्रत्येक प्लगचं अर्थिंग तपासून घे, डब्यातल्या प्रत्येक एमसीबीखाली मराठीत लिहून घे, ‘गिझर’, ‘मागची खोली’, ‘फ्रिज’, आणि आतल्या वायरी कुठून कुठे गेल्यात त्याचे फोटो काढून ठेव. खिळा ठोकताना मला दुवा देशील.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. गच्चीत कपड्यांना लोखंडी तार असेल तर काढून नायलॉनची दोरी बांध. वाऱ्यानं कुठली वायर घासून त्या तारेला टेकली, तर ओले कपडे वाळत घालणारीच्या हातात मरण येतं. आपल्याकडे दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यात बहुतेक वेळा आपल्यासारखीच कुणीतरी असते. गणपतीत मखराच्या माळा, फोकस आणि पंखा एकाच ठोकळीवर चढवू नकोस, आणि माळा रात्री बंद करून झोप. समई, कापूस आणि मखराच्या सजावटीच्या शेजारी उघडा जोड नको.

आणि एवढं करूनही कुणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावायला धावू नकोस. आधी मेन बंद. ते जमणार नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं त्याला वायरीपासून दूर ढकल. मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करायची, ही क्रिया दोघांनीही शिकून घ्या. ठोकळी पेटली तर पाणी ओतायचं नाही, तिथेही आधी मेन बंद. म्हणून मेनचा स्विच कुठे आहे, हे घरातल्या सगळ्यांना अंधारातसुद्धा सापडलं पाहिजे. त्याच्यासमोर तू चपलांचं कपाट ठेवलंयस ना? फोटोत दिसलं मला. आधी ते हलव.

तुला हे सगळं डोंगराएवढं वाटत असेल. पण नोकरी करून, दहा बँका पालथ्या घालून, नोंदणीच्या रांगेत उभं राहून जिनं घर घेतलं, तिला एक वायरमन काय जड आहे? या आठवड्यात फक्त कागद लिही, फ्रिज बंद ठेव आणि वायरमनला बोलाव. बाकीचं एकेक होत जातं.

आमच्या घरात नवी वायरिंग झाली त्या संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, ‘‘आता अनवाणी मशीन लावा, काही होत नाही.’’ त्यांनी ऐकून घेतलं, आणि स्लीपर घालूनच मशीन लावलं. वर्षभर तसंच. मग मी त्यांना आरसीसीबीवरचं ते ‘टी’ लिहिलेलं बटण दाखवलं. महिन्यातून एकदा दाबायचं, वीज गेली तर तो जागा आहे, नाही गेली तर बदलायचा. लक्षात राहावं म्हणून त्यांनी संकष्टी धरली. दर संकष्टीला संध्याकाळी, चंद्रोदयाच्या आधी, सासूबाई स्टुलावर चढतात आणि बटण दाबतात. घरभर अंधार होतो, मुलं ओरडतात, त्या समाधानानं म्हणतात, ‘‘जागा आहे गं,’’ आणि दिवे परत लावून मोदकांकडे वळतात.

गेल्या संकष्टीला पाहिलं, स्टुलाखाली स्लीपर नव्हत्या.